बोर्डावरच्या बस कर्नलला कशा सांगायच्या? डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्यांसाठी धागा

ऐरोलीकर

रबाळे एमआयडीसीत मी ज्या कामात आहे तिथे सतत नवे बोर्ड येतात. प्रोसेसर तयार मॉड्यूलवरचा, बाकी सगळं आपलं: घड्याळाची चिप, तापमानाचे सेन्सर, एखादा एडीसी, टचस्क्रीन. नवीन रुजू झालेली मुलं बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. जवळपासच्या कुठल्या तरी बोर्डाची डीटीएस फाईल (डिव्हाइस ट्री ज्यात लिहितात तो मजकूर) उचलायची, नावं बदलायची आणि बूट होईपर्यंत ओळी घालत-काढत राहायचं. बूट होतंही. पण त्या फाईलमधली कुठली ओळ आपल्या बोर्डाबद्दल खरं सांगतेय आणि कुठली दुसऱ्याच्या बोर्डाबद्दल, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की डिव्हाइस ट्री हे लिनक्स कर्नलला दिलेलं हार्डवेअरचं वर्णन आहे. ते स्केमॅटिक आणि डेटाशीट समोर ठेवून लिहायचं. ड्रायव्हरचा कोड वाचून ‘याला काय काय लागतं’ अशी यादी काढून लिहिलेलं वर्णन आज चालतं आणि कर्नल बदलला की दगा देतं.

मुळात हे लागतं कशाला? यूएसबी किंवा पीसीआय बसवर (बस म्हणजे उपकरणांना जोडणारा सामाईक मार्ग) कर्नल स्वतः विचारू शकतो. तिथे प्रत्येक उपकरण स्वतःचा उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक सांगतं, त्यावरून ड्रायव्हर जुळतो. आयटूसी या दोन तारांच्या बसवर असं काही नाही. फिलिप्सने १९८२ मध्ये ही बस काढली ती टीव्हीसारख्या वस्तूंच्या आत चिप एकमेकींशी बोलाव्यात म्हणून. आत काय बसवलंय हे बनवणाऱ्याला माहीतच असतं. एखाद्या पत्त्यावरून पोचपावती मिळाली तर तिथे कोणीतरी आहे एवढंच कळतं, कोण आहे ते कळत नाही. एसपीआय या चिप जोडायच्या दुसऱ्या बसवर तर पोचपावतीसुद्धा नाही. आणि हे बस कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात कुठल्या पत्त्यावर आहेत, त्यांचं क्लॉक कुठून येतं, इंटरप्ट कोणता, हेही कर्नलला कोणी सांगितल्याशिवाय कळायचा मार्ग नाही.

पूर्वी एआरएमवर हे सगळं सी भाषेतल्या बोर्ड फाईलींत लिहिलेलं असायचं, दर बोर्डाला वेगळी फाईल. २०११ च्या मार्चमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली आणि एआरएमने डिव्हाइस ट्रीकडे जोरात वळण घेतलं. कल्पना तेव्हा नवी नव्हती. सनच्या आणि पॉवरपीसीच्या मशीनांवर ओपन फर्मवेअर होतंच, त्याचं आयईईई १२७५ हे मानक १९९४ चं.

आता थोडं खोलात. (इथल्या एडिटरमध्ये कोड विस्कटतो, म्हणून गुणधर्मांची नावं देवनागरीतच लिहितोय. कर्नलच्या फाईली उघडल्यात की लगेच ओळखू येतील.)

नोड म्हणजे ट्रीतली एका उपकरणाची नोंद. कंट्रोलरच्या नोडमध्ये ‘कम्पॅटिबल’ म्हणजे तो कोण, ‘रेग’ म्हणजे त्याचे रजिस्टर कुठे, मग इंटरप्ट, क्लॉक आणि पिनकंट्रोल (कुठली पिन कुठल्या कामाला). त्याखाली दोन ओळी असतात ज्या सगळे न वाचता कॉपी करतात: ‘अॅड्रेस-सेल्स’ आणि ‘साइझ-सेल्स’. आयटूसी कंट्रोलरमध्ये पहिली १ आणि दुसरी ०. म्हणजे माझ्या पोटातल्या उपकरणांचा पत्ता एका आकड्यात सांगा, आकारमान सांगूच नका, कारण आयटूसीवरची चिप मेमरीची जागा व्यापत नाही. म्हणून घड्याळाच्या नोडमध्ये ‘रेग’समोर नुसतं हेक्स ६८ असतं. एसपीआयमध्येही हेच १ आणि ०, पण तिथे तो आकडा पत्ता नसून चिप सिलेक्टचा, म्हणजे चिप निवडणाऱ्या तारेचा, क्रमांक असतो. गुणधर्म तोच, पण त्याचा अर्थ पालक नोड ठरवतो.

नवी मुंबईतल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. सेक्टर ९ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीतही आहे. शहराचा नोड, म्हणजे उपनगर, सांगितल्याशिवाय रिक्षावाला हलत नाही. हेक्स ६८ चं तसंच. डीएस३२३१ घड्याळ ६८ वर आणि एमपीयू६०५० हा मोशन सेन्सरही मूळ ६८ वरच. वेगवेगळ्या बसवर असतील तर काहीच अडत नाही. एकाच बसवर आले की सेन्सरची एडी० पिन वर ओढून त्याला ६९ करायचं, नाहीतर मधे मल्टिप्लेक्सर.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘रेंजेस’चा होतो. रास्पबेरी पायचं उदाहरण घ्या. मेनलाइन कर्नलमध्ये तिथला आयटूसी१ कंट्रोलर ७ई८०४००० वर लिहिलेला दिसेल. प्रोसेसरकडून त्या पत्त्यावर गेलात तर तो सापडणार नाही. तो पत्ता चिपच्या आतल्या पेरिफेरल बसचा आहे. सोक (अख्खी प्रोसेसर चिप) नोडमधली ‘रेंजेस’ची ओळ सांगते की ७ई०००००० पासूनचा तुकडा प्रोसेसरला कुठे दिसतो: पहिल्या पायवर २०००००००, पाय २ आणि ३ वर ३एफ००००००, पाय ४ वर एफई००००००. म्हणून आयटूसी१ चा नोड एकदाच सामाईक फाईलमध्ये लिहिला तरी पुरतो, आणि पाय ४ वर कर्नल तोच कंट्रोलर एफई८०४००० वर शोधतो. वर्णन खरं असलं की ते पुन्हा वापरता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कोणाचे प्रश्न असतील तर विचारा. अनुभवही लिहा.

नेरूळची_नवशिकी

दादा, फार उपयोगी. माझा एक अडलेला प्रश्न. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बीगलबोन बोर्डाला डीएस३२३१ जोडलंय. आयटूसी२ ला ‘स्टेटस’ ओके केलं. आयटूसीडिटेक्ट (बसवरचे पत्ते तपासणारी आज्ञा) चालवलं की ६८ दिसतं. पण आरटीसी१ (लिनक्समधलं या घड्याळाचं उपकरण) तयार होत नाही. डीएस३२३१ नावाचा ड्रायव्हर कर्नलच्या मेन्यूत शोधला, तर तोही मिळत नाही.

ऐरोलीकर

@नेरूळची_नवशिकी, वायरिंग ठीक आहे, ६८ वरून कोणीतरी उत्तर देतंय. पण आकडा ‘६८’ असाच दिसतोय, म्हणजे त्या पत्त्यावर अजून कुठल्या ड्रायव्हरने ताबा घेतलेला नाही. ताबा घेतला की त्या जागी ‘यूयू’ दिसतं.

ड्रायव्हर आहे, फक्त त्याच्या नावात डीएस३२३१ नाही. तो आरटीसी-डीएस१३०७ या फाईलमध्ये आहे. जुन्या डीएस१३०७ पासून अख्खं कुटुंब तोच सांभाळतो. मेन्यूत डीएस१३०७ शोध आणि चालू कर. नोडमध्ये ‘कम्पॅटिबल’ मात्र मॅक्सिम स्वल्पविराम डीएस३२३१ असंच लिही. इथे ड्रायव्हरचं नाव लिहायचा मोह होतो. लिहू नकोस, चिपचं नाव लिही. डीएस३२३१ ला दोन अलार्म आहेत आणि तापमानाचा सेन्सर आहे, डीएस१३०७ ला यातलं काहीच नाही. कर्नलला खरं नाव कळलं तरच तो त्या सोयी देईल.

नोडचं नाव ‘आरटीसी अॅट ६८’ ठेव. नाव चिपच्या कामावरून, पुढचा आकडा ‘रेग’शी जुळणारा. जुळला नाही तर डीटीसी (डीटीएसवरून कर्नलसाठी डीटीबी फाईल बनवणारा कंपायलर) इशारा देतो, तो वाचत जा.

एवढं करूनही नाही झालं तर चालू बोर्डावर प्रॉक खालचं डिव्हाइस-ट्री फोल्डर उघड. कर्नलला प्रत्यक्षात मिळालेला ट्री तिथे असतो. तुझा नोडच तिथे नसेल, तर बूटलोडर दुसरीच डीटीबी फाईल उचलतोय.

सोल्डरगन

मी हार्डवेअरवाली, वागळे इस्टेटमध्ये बोर्ड डिझाइन करते. ऐरोलीकरांशी शंभर टक्के सहमत, आणि एक गुणधर्म सॉफ्टवेअरवाल्यांनी आम्हाला विचारल्याशिवाय लिहूच नये असं मला कळकळीने सांगायचं आहे: ‘क्लॉक-फ्रीक्वेन्सी’. चिपच्या डेटाशीटवर ४०० किलोहर्ट्झ छापलंय म्हणून फाईलमध्ये चार लाख लिहिलं जातं. पण चार लाख पेलायला चिप पुरत नाही, अख्खी बस लागते.

आयटूसीच्या तारा चिप फक्त खाली ओढते. वर जाते ती पुल-अप रेझिस्टरच्या जोरावर, आणि तारेची कपॅसिटन्स तिला मागे खेचते. मानकात वर चढायला १०० किलोहर्ट्झला जास्तीत जास्त १००० नॅनोसेकंद दिलेत, ४०० ला फक्त ३००. चढायचा वेळ साधारण ०.८५ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. समजा बसवर २०० पिकोफॅरड आहेत. ४.७ किलोओहम लावला तर ८०० नॅनोसेकंदांच्या आसपास: १०० वर आरामात चालेल, ४०० वर नियमाबाहेर. दीड किलोओहम लावला तर २५५ च्या आसपास, ४०० वरही ठीक. १० किलोओहम ठेवला तर १७०० च्या जवळ जातो, म्हणजे १०० सुद्धा नाही.

उलट बाजूही आहे. बाजारात मिळणाऱ्या सेन्सरच्या छोट्या पट्ट्यांवर प्रत्येकीवर आपापला ४.७ किलोओहम असतो. अशा पाच पट्ट्या एका बसवर लावल्या की ते समांतर होऊन ९४० ओहम उरतात. ३.३ व्होल्टला ३ मिलिअँपिअर ओढायच्या हिशेबाने किमान ९६७ ओहम लागतात. मग काही चिप तारेला पुरेसं खाली आणू शकत नाहीत, आणि टेबलावर चाललेला सेटअप पॅनेलमध्ये गेल्यावर अधूनमधून चुकतो.

ऑसिलोस्कोपवर चौकोनी लाटेऐवजी शार्कच्या परासारखे वळलेले काठ दिसले तर कर्नलमध्ये रिट्राय वाढवू नका, आधी रेझिस्टर बदला. तो बदलता येत नसेल तर डीटीएसमध्ये एक लाख लिहा. त्या बोर्डाचं खरं वर्णन तेच आहे. काही कंट्रोलर ‘एससीएल-रायझिंग-टाइम’ हा गुणधर्मही वाचतात. तिथे मोजलेला आकडा घाला, अंदाजाने नको.

जुना_पॉवरपीसी

धागा चांगला आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावू द्या. छोट्या कंपनीत दोन माणसं कर्नल बघतात. बोर्ड आपला, ड्रायव्हर आपला, फाईल आपली. सेन्सर किती सेकंदांनी वाचायचा, किती सरासरी काढायची, हे डिव्हाइस ट्रीत टाकलं तर बिघडलं कुठे? ग्राहकानुसार डीटीबी बदलली की काम झालं, कर्नल एकच राहतो. हार्डवेअरचंच वर्णन करायचं हा नियम कर्नलच्या देखभालदारांच्या सोयीचा आहे.

ऐरोलीकर

@जुना_पॉवरपीसी, अहो, तुमचा मुद्दा खरा आहे असं मानून बघू. बोर्ड विकला गेला, कुठल्यातरी पंपहाउसमध्ये बसला. डीटीबी त्याच्या फ्लॅशमध्ये, बऱ्याचदा बूटलोडरच्या शेजारी. दोन वर्षांनी सुरक्षेसाठी कर्नल अपडेट पाठवायचा आहे. बूटलोडर आणि त्याच्या शेजारचं काही दुरून बदलायला कोणी धजावत नाही, कारण फसलं तर माणूस पाठवावा लागतो. म्हणजे नवा कर्नल जुन्या डीटीबीवरच चालणार. कर्नलवाले बाइंडिंगला (कुठल्या चिपच्या नोडमध्ये कोणते गुणधर्म लिहायचे, याच्या नियमांना) कायमचा करार मानतात ते या कारणाने, आणि त्याचा फायदा पहिल्यांदा छोट्या कंपनीलाच होतो.

आता त्या डीटीबीत ‘दर पाच सेकंदांनी वाच’ असं कोरलेलं असेल आणि ग्राहकाला एक सेकंद हवा असेल, तर एका आकड्यासाठी तुम्ही फ्लॅशमधल्या सगळ्यात नाजूक भागाला हात लावणार. तोच आकडा सिसएफएसमधून (चालू कर्नलची सेटिंग बदलायच्या फाईलींतून) किंवा आपल्या प्रोग्रामच्या सेटिंगमधून येत असता तर साधा अपडेट पुरला असता. पुल-अप किती ओहमचा आहे हे ग्राहक बदलला म्हणून बदलत नाही, ते ट्रीत. किती वेळा वाचायचं हे बदलतं, ते बाहेर.

एसपीआयवाल्यांनी हे अंगाने अनुभवलंय. खूप जण चिपचं नाव न देता ‘कम्पॅटिबल’मध्ये थेट एसपीआयडेव्ह लिहायचे. एसपीआयडेव्ह हे लिनक्समधल्या एका इंटरफेसचं नाव आहे, त्या नावाची चिप जगात नाही. आधी कर्नल इशारा द्यायचा, आता तो ड्रायव्हर असा नोड सरळ नाकारतो. ज्यांनी चिपचं नाव लिहिलं होतं त्यांच्या फाईलींना धक्का लागला नाही.

जुना_पॉवरपीसी

फ्लॅशचा मुद्दा पटला. आमच्याकडे डीटीबी कर्नलसोबत एकाच इमेजमध्ये जाते, त्यामुळे आम्हाला ती अडचण आली नाही. पण असं सगळीकडे नसतं, हे मान्य.

घोडबंदर_रूट

माझं काम कंट्रोलरच्या बाजूचं आहे. एफपीजीएमध्ये (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपमध्ये) आम्ही स्वतःचा आयटूसी कंट्रोलर बसवलाय आणि त्याचा ड्रायव्हर मी लिहितोय. प्रोब (ड्रायव्हरने उपकरण ताब्यात घेऊन सुरू करणं) यशस्वी होतो, नवी बस दिसते, हाताने वाचलं तर चिप उत्तर देते. पण डीटीएसमध्ये त्याच्या पोटात लिहिलेली उपकरणं तयारच होत नाहीत. कुठलीही एरर नाही.

ऐरोलीकर

@घोडबंदर_रूट, अडॅप्टर (कर्नलमधली तुमच्या बसची नोंद) नोंदवण्याआधी त्याच्या डिव्हाइसचा ‘ओएफ-नोड’, म्हणजे ट्रीतल्या नोडकडचा दुवा, भरलाय का बघा. प्लॅटफॉर्म डिव्हाइसचा ओएफ-नोड अडॅप्टरला द्यावा लागतो. आय-टू-सी-अॅड-अडॅप्टर बोलावलं की कोअर त्या नोडच्या पोटातली मुलं एकेक करून वाचतं आणि प्रत्येकासाठी क्लायंट तयार करतं. नोडच रिकामा असेल तर त्याला वाटतं या बसचा ट्रीशी संबंध नाही, आणि ते गुपचूप परत फिरतं. म्हणून एरर दिसत नाही.

प्रोबचा क्रमही सांगतो. रजिस्टरची जागा मॅप करा, क्लॉक घ्या आणि चालू करा, रिसेट सोडा, इंटरप्ट नोंदवा, हार्डवेअर पूर्ण तयार करा, आणि अडॅप्टर अगदी शेवटी जोडा. कारण जोडल्याच्या क्षणी मुलांचे प्रोब सुरू होऊ शकतात आणि ते लगेच बसवर बोलायला लागतात. इंटरप्ट आधी तयार नसेल तर पहिलाच व्यवहार टाइमआउट होतो.

एखादं मूल उणे ५१७ देऊन थांबलं तर घाबरू नका. तो प्रोब पुढे ढकलल्याचा कोड आहे: त्याला लागणारा रेग्युलेटर किंवा जीपीआयओ (सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणारी पिन) अजून आलेला नाही. कायमचं अडकलं तर डीबगएफएसमधल्या डिव्हायसेस-डिफर्ड या फाईलमध्ये त्याचं नाव मिळेल.

आणि कंट्रोलर तुमचा स्वतःचा आहे, तर बाइंडिंगही लिहा. पूर्वी ती साध्या मजकुराच्या फाईलींत असायची, आता यॅमल स्कीमात असते आणि मशीनला तपासता येते. मेक डीटी-बाइंडिंग-चेक आणि मेक डीटीबीएस-चेक या दोन आज्ञा चालवा. शब्दलेखनातली गफलत, सुटलेला इंटरप्ट, नको तिथे आलेला गुणधर्म, सगळं बोर्ड हातात येण्याआधी कळतं.

घोडबंदर_रूट

ओएफ-नोडच होता. एक ओळ घातली आणि दोन्ही सेन्सर आले. बाइंडिंग या आठवड्यात लिहायला घेतो.

खारघर_होस्टेल

मी इथे खारघरला एम्बेडेडचा कोर्स करतोय. आम्हाला झेफर ही मायक्रोकंट्रोलरची छोटी ऑपरेटिंग सिस्टीमही शिकवतात, त्यातही डीटीएस फाईल असते. मग ते ज्ञान दोन्हीकडे चालतं का? आणि वर म्हटलंय यूएसबीला वर्णन लागत नाही, तर काही बोर्डांच्या फाईलींत यूएसबी हबचा नोड का दिसतो?

ऐरोलीकर

लिहिण्याची रीत आणि बाइंडिंगची कल्पना दोन्हीकडे तीच. फरक असा की लिनक्स डीटीबी बूटच्या वेळी वाचतो, तर झेफर ती बिल्डच्या वेळीच वाचून सी भाषेचे मॅक्रो तयार करतो. बोर्डावर ट्री शिल्लकच राहत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या थोड्या मेमरीत तेच शहाणपणाचं.

यूएसबीचा प्रश्न छान आहे. हब स्वतःची ओळख देतो, पण वीज मिळाल्यावर. बोर्डावरच सोल्डर केलेल्या हबचा रेग्युलेटर किंवा रिसेट पिन प्रोसेसरच्या ताब्यात असेल, तर तो चालू केल्याशिवाय हब बोलणारच नाही. म्हणून तो नोड. पीसीआयचंही तसंच: कार्ड स्वतः बोलतं, पण होस्ट कंट्रोलर कुठे आहे आणि त्याची मेमरीची खिडकी कोणती, हे ट्रीतच लिहावं लागतं. तिथे पत्त्याचे सेल तीन असतात.

नेरूळची_नवशिकी

दादा, यूयू आलं! आरटीसी१ पण दिसतंय. खूप आभार. आता टचस्क्रीन जोडतेय, जीटी९११ आहे. कधी हेक्स ५डी वर दिसतो, कधी १४ वर. रीबूट केलं की बदलतो. डेटाशीटमध्ये तर बीए आणि २८ असं काहीतरी लिहिलंय.

सोल्डरगन

हे मी सांगते. बीए आणि २८ हे आठ बिटचे पत्ते आहेत, वाचन-लेखनाचा बिट धरून. एक बिट उजवीकडे सरकवले की ५डी आणि १४ होतात. कर्नलला नेहमी सात बिटचा द्यायचा. तुझ्या घड्याळाच्या डेटाशीटमध्येही लिहायचा पत्ता डी० दिसेल, तो हाच ६८.

पत्ता बदलतो कारण ही चिप रिसेटमधून बाहेर येताना स्वतःच्या इंटरप्ट पिनकडे बघते. पिन खाली असेल तर ५डी, वर असेल तर १४. तुझ्या जोडणीत ती पिन त्या क्षणी तरंगत असणार. रिसेट आणि इंटरप्ट या दोन्ही तारा प्रोसेसरच्या जीपीआयओवर आणल्यास का?

नेरूळची_नवशिकी

ताई, इंटरप्ट आणलाय. रिसेट नाही, तो रेझिस्टरने सरळ ३.३ व्होल्टला बांधलाय.

सोल्डरगन

मग रिसेट सोडव आणि एका मोकळ्या जीपीआयओवर घे. नोडमध्ये रिसेट-जीपीआयओज आणि आयआरक्यू-जीपीआयओज हे दोन्ही गुणधर्म लिही. गुडिक्सच्या (जीटी९११ बनवणारी कंपनी) ड्रायव्हरला दोन्ही मिळाले की रिसेट देताना तो इंटरप्टची पिन तू ‘रेग’मध्ये लिहिलेल्या पत्त्याप्रमाणे वर किंवा खाली धरतो. म्हणजे ५डी लिही आणि ५डीच मिळेल. पिन कुठली घेतेस ते इथे टाक, तिच्यावर आधीच दुसरं काही आहे का ते बीगलबोनच्या स्केमॅटिकवर बघून सांगते.